पेद्रूचा वस्तरा, रहाटाची मूठ

आमच्या गॅब्रिएलना दोनच कामं येत. दोन पुरुष उंचीचा रहाट उभा करणं हे एक, आणि वीतभर वस्तऱ्याला मूठ बसवणं हे दुसरं. मधलं काही येत नसे. घरातल्या पाटाचा पाय तुटला तो सहा महिने तुटलेलाच राहिला. मी खाली विटेचा तुकडा लावून त्यावर बसायची, आणि हे समोर बसून कुणाच्या तरी आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ काचेने तासत असायचे. "सुताराच्या घरचा पाट बघा," असं मी आल्यागेल्याला मुद्दाम दाखवायची. त्यावर ते मान वर न करता म्हणायचे, "पाट काय, कोणीपण करतो."

पंपांच्या आधीची वसई ज्यांनी पाहिली नाही त्यांना रहाट सांगावाच लागतो. आमच्याकडे वाडीवाडीत बावखल असायचं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरायचं आणि त्यावर केळी, पानवेली, भाजीपाला वर्षभर जगायचा. बावखलाच्या काठाला लाकडाचं मोठं चाक, चाकावर मातीच्या गाडग्यांची माळ. डोळ्यांना झापडं बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, चाक कुरकुरायचं, गाडगी भरून वर यायची आणि पन्हळीत ओतली जायची. गॅब्रिएल नि त्यांचे बापूस, दोघांनी मिळून आमच्या बाजूचे निम्मे रहाट बांधले. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या हे सांगायचे, "पेद्रूचा रहाट सुरू झाला. वंगण मागतोय." मला आपली सगळी कुरकुर सारखीच वाटायची.

मग विजेचे पंप आले. सत्तर सालाच्या अलीकडे-पलीकडे दोनतीन वर्षांत आमच्या भागातले रहाट एकेक करून मोडले. पंप चांगलाच, खोटं कशाला बोलू. त्याला पेंढा घालावा लागत नाही नि तो शेणही टाकत नाही. पण रहाट मोडायलाही लोक गॅब्रिएलनाच बोलवायचे, कारण कुठली खुंटी कुठे मारलीय ते त्यांनाच ठाऊक. हे जायचे, आपल्याच हाताने बांधलेलं सोडायचे, आणि मजुरीऐवजी मोडकं लाकूड खांद्यावर टाकून घरी यायचे. आमची पडवी लाकडाने इतकी भरली की पाहुणे विचारायचे, "बाय, वखार काढलीत काय?" मी म्हणायची, "वखार असती तर विकलं तरी असतं."

त्या लाकडाला वस्तऱ्याची वाट हिरामणने दाखवली. हिरामण न्हावी कामणचा. आठवड्यातून दोनदा सायकलवरून आमच्या आळीत यायचा, धोपटी पुढे हँडलला अडकवलेली. एकदा आमच्याच पायरीवर त्याच्या हातून वस्तरा निसटला आणि दगडावर पडला. पातं वाचलं, मुठीचे तुकडे झाले. हिरामण कपाळाला हात लावून बसला.

"पातं विलायती हाय, गॅबू. बापाच्या हातचं. असली मूठ आता कोन करून देनार?"

गॅब्रिएलनी तुकडे जुळवून पाहिले. मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला आरपार खिळा, त्यावर पातं फिरतं. दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीकशी पाचर. वस्तरा मिटला की पातं त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन निजतं. बस, एवढंच.

"हा तर रहाटच आहे," ते म्हणाले. "कण्यावर फिरतो ना? मग रहाटच."

हिरामणने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला नका विचारू. मला त्यात पाटसुद्धा दिसत नाही."

त्यांनी पडवीतून खैराचा एक तुकडा काढला. आमच्याकडे रहाटाचा कणा खैराचा असायचा, चिंचोटीच्या रानातून आणलेला. खैर मुळात दगडासारखा. त्यात तीस-चाळीस वर्षं गाडग्यांचं पाणी त्याच्यावर गळलेलं, वर ऊन खाल्लेलं. असं लाकूड फुगायचं ते फुगून आणि वाकायचं ते वाकून मोकळं झालेलं असतं. न्हाव्याची मूठ रोज भिजते, रोज सुकते. तिला असंच लाकूड पाहिजे. तिसऱ्या दिवशी हिरामण नवी मूठ घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन मोडके वस्तरे घेऊन आला. एक त्याच्या मेहुण्याचा, एक पापडीच्या न्हाव्याचा.

मग काय, लोकांच्या ट्रंका उघडल्या. कुणाचा आजा बोटीवर होता, कुणाचा रेल्वेत, त्यांनी आणलेले इंग्लंडचे, जर्मनीचे वस्तरे कापडात गुंडाळून पडलेले. गंजून तपकिरी झालेले. लोक संकोचून विचारायचे, "यात काही राहिलंय का?" हे पात्यावर नखाने टिचकी मारायचे नि कान जवळ न्यायचे. बारीक 'टिंग' असा आवाज आला की म्हणायचे, "जिवंत आहे. ठेवून जा."

मग ते पातं दोन दिवस घासलेटात. नंतर बारीक पॉलिशपेपर काडीला गुंडाळून हातानेच घासायचं. गोखिवऱ्याला तेव्हा लहान लहान कारखाने निघाले होते, तिथे फिरत्या चाकावर पाच मिनिटांत चकचकीत करून मिळायचं. पण वस्तऱ्याचं पातं कागदासारखं पातळ, चाकावर तापतं, आणि तापलं की त्याचं पाणी उतरतं. मग धार राहतच नाही. असं उतरलेलं पातं कुणी आणलं तर गॅब्रिएल ते दोन हातांनी परत द्यायचे, मयताला आल्यासारखं तोंड करून.

लाकडाचीही त्यांची एक परीक्षा होती. खैराच्या गाभ्यात कात असतो. ताज्या खैराची ढलपी गरम पाण्यात टाकली की पाणी चहासारखं लाल होतं. रहाटाच्या खैराचा कात मात्र पाण्याने कधीच धुऊन नेलेला. त्याची ढलपी टाका, पाणी नितळच राहणार. मूठ करायच्या आधी प्रत्येक तुकड्याची ढलपी ते गरम पाण्यात टाकून बघायचे. गरम पाणी म्हणजे बहुतेक वेळा माझ्या चहाचं आधण.

तर असं चाललं होतं. नाव झालं होतं, पण माणसं द्यायची काय? केळ्याचा घड, दोन नारळ, नाताळात एखादी कोंबडी. माझा भाऊ व्हॅलेरियन गोखिवऱ्याला एका कारखान्यात होता, त्याने यांच्यासाठी तिथे राखणदाराची जागा बघून ठेवली. खाकी शर्टसुद्धा घेऊन आला, दोन. "भाऊजी, खुर्चीवर बसायचं आणि फाटक उघडायचं. पगार महिन्याच्या महिन्याला." गॅब्रिएल म्हणाले, "बघू." हे बघू दोन वर्षं चाललं. खाकी शर्ट माझ्या पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर निजले होते.

मग अठ्ठ्याहत्तर साल लागलं आणि जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर, वॉल्टर आला. वॉल्टर म्हणजे पेद्रूचा थोरला. पेद्रू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वॉल्टरचा मुलगा मार्सेल, त्याचं लग्न ठरलं होतं, उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आधीचा रविवार. वॉल्टरने रुमाल उलगडला. आत पेद्रूचा वस्तरा. पातं गंजलेलं, आणि शिंगाची मूठ किड्यांनी खाऊन चाळण झालेली.

आमच्या आळीत लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी मांडवात होते, सगळ्यांसमोर. न्हावी दाढी करतो, बाया गाणी म्हणतात, नवऱ्याचा सख्खा काका पाण्याचं भांडं धरून शेजारी उभा राहतो, आणि वस्तरा त्या घरचा लागतो. याच वस्तऱ्याने वॉल्टरची दाढी झाली होती, त्याच्या धाकट्या भावाची, ॲन्सेल्मचीही झाली होती.

गॅब्रिएलनी टिचकी मारली. ऐकलं. "जिवंत आहे. मूठ तुमच्याच रहाटाची करू."

"कर ना," वॉल्टर म्हणाला. "कणा आहे माझ्याकडे."

"अर्धा आहे. अर्धा ॲन्सेल्मकडे आहे. एक पट्टी तुझ्यातली, एक त्याच्यातली."

वॉल्टरचं तोंड कारल्यासारखं झालं. आणि का ते आळीत सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी वॉल्टरने भावाला न विचारता पंप आणला. ॲन्सेल्म म्हणाला, मग रहाटातला माझा अर्धा मला दे. रहाट काही भाकरी नाही अर्धा करायला. पण दोघेही पेद्रूचेच, तेवढेच हट्टी. शेवटी चाक मोडून वाटलं, गाडगी मोजून वाटली, आणि मधला कणा करवतीने बरोबर मधोमध कापला. कापला कोणी? आमच्या गॅब्रिएलनी. जो त्यांनी आपल्या बापाबरोबर, ओठावर मिशी फुटत असताना बसवला होता. कापताना त्यांनी दोनदा करवत थांबवून वर पाहिलं, दोघांपैकी एक तरी "राहू दे" म्हणेल म्हणून. दोघेही करवतीकडे बघत उभे. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. मिस्साला एकाने उजवीकडचा बाक धरला, दुसऱ्याने डावीकडचा.

"माझ्या अर्ध्यातून दोन्ही पट्ट्या निघतील की," वॉल्टर म्हणाला.

"नाही निघणार. तुझ्या अर्ध्याला खुंट्यांची भोकं आहेत."

वॉल्टरच्या अर्ध्यातून दोन सोडा, वीस मुठी निघाल्या असत्या. पण मी त्यांची बायको. ते लाकडाबद्दल बोलताहेत की माणसांबद्दल, एवढं मला कळतं.

वॉल्टर गेल्यावर मात्र मी बोलले. "सगळं गाव मांडवात असणार. पातं गालात रुतलं तर? आणि ॲन्सेल्मने लाकूड नाही दिलं तर?"

"देईल. आणि पेद्रूचा वस्तरा मांडवात लोण्यासारखा चालेल."

"नाहीच चालला तर?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तर सोमवारी तुझ्या भावाची खाकी अंगात घालतो. परत वस्तऱ्याला हात लावणार नाही. झालं?"

हा माणूस शब्दाचा पक्का, हे मला माहीत होतं. आता इमानाने सांगते, त्या दिवसापासून देवाकडे नक्की काय मागावं हे मला कळेना. पगार मागावा तर नवरा हरतो, नवरा जिंकावा तर पगार जातो. मी आपली नुसती माळ ओढायची आणि म्हणायची, तूच बघ बाबा.

चार दिवसांनी वॉल्टर खैराचा हातभर तुकडा घेऊन आला. "घे. ॲन्सेल्मने दिला."

गॅब्रिएल असे उभे राहिले की मांडीवरचा पॉलिशपेपर खाली पडला. "काय म्हणाला?"

"काय म्हणणार? घेऊन जा म्हणाला."

"रागावला नाही?"

"नाही. बसला होता आपला." एवढं बोलून वॉल्टर घाईने निघून गेला, चहासुद्धा न घेता. चहा न घेता जाणारा वॉल्टर मी त्याआधी पाहिला नव्हता. तिथेच मला संशय यायला पाहिजे होता. पण हे इतके खूष झाले होते की मीही खूष झाले. दिवसभर शीळ घालत होते. आणि त्या खुषीत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ढलपी गरम पाण्यात टाकली नाही. मी आधण ठेवून विचारलंसुद्धा, "टाकायची नाही?" तर म्हणाले, "ॲन्सेल्मचं लाकूड! मीच कापलंय ते. त्याला काय बघायचं?"

मूठ झाली मात्र अशी, की हातात घेतली तर सोडवेना. फुटक्या काचेने तासली. मग हिरामणने रानातून आणून दिलेली खरवतीची पानं, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी, त्या पानांनी घासली. पितळेच्या तारेचे खिळे, त्यांची डोकी लहान हातोडीने ठोकून ठोकून मुगाएवढी गोल केलेली. शेवटी खोबरेल. मग वस्तरा मिटवून ते दाराशी उजेडात धरायचे. मिटलेल्या वस्तऱ्यात पात्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची एकेक बारीक रेघ दिसते. दोन्ही रेघा सारख्या जाडीच्या दिसल्या म्हणजे पातं कुठल्याच पट्टीला शिवत नाही. दिसल्या, सारख्या दिसल्या.

हिरामण म्हणाला, "गॅबू, हा वस्तरा नवऱ्याला कशाला? बिशपाला लावू."

त्या आठवड्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला. ओठ फुटायला लागले. लग्नाला सहा दिवस होते तेव्हा यांनी सहज वस्तरा काढून उजेडात धरला, आणि धरलेलाच राहिला. मी जवळ जाऊन पाहिलं. एका बाजूला रेघ होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. एक पट्टी आत वाकली होती. उघडून पाहिलं तर धार लाकडाला घासून मधोमध तिळाएवढा दाता पडलेला, म्हणजे खाच.

मी म्हटलं, "खाकी उन्हात टाकू का?" म्हटलं ते चेष्टेने, पण त्यांचं तोंड पाहिलं आणि जीभ चावली. हा माणूस पूर्ण गाव पंपावर गेलं तेव्हा इतका पडला नव्हता.

"ॲन्सेल्मने लाकूड कुठे ठेवलं होतं ते विचारून येतो," एवढंच बोलले. मीही निघाले. दोन पुरुष बोलायला बसले की मध्ये एक बाई लागते, नाहीतर मुद्द्यावर कोणी येत नाही.

ॲन्सेल्म ओसरीत बाकावर बसून तंबाखू मळत होता. पिवळं कुत्रं पायाशी. त्याची बायको सुझान आत चुलीपाशी होती.

"ॲन्सेल्म," हे म्हणाले, "लाकूड दिलंस, उपकार झाले. पण ते ठेवलं कुठे होतंस? ओलीत होतं का?"

"कुठलं लाकूड?"

"रहाटाचं. वॉल्टरला दिलंस ते."

ॲन्सेल्मचा अंगठा तळहातावर थांबला. "वॉल्टरला मी काय दिलं? वॉल्टरने नऊ वर्षांत माझ्याकडे आगकाडी मागितली नाही."

गॅब्रिएल माझ्याकडे बघायला लागले. मी सुझानला हाक मारली, "वहिनी, जरा कपभर गरम पाणी आण गो." तिने आणलं. यांनी खिळे काढून सोडवलेली ती वाकलेली पट्टी खिशातून काढली, चाकूने तिची एक ढलपी काढली आणि कपात टाकली. चौघंही कपावर ओणवे झालो. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग चक्क चहा.

"आणि हे माझं?" ॲन्सेल्म ओरडला. कुत्रं उठून उभं राहिलं. "हे माझ्या बापाच्या रहाटाचं? हे तर काल तोडलेलं पोर आहे! आणि वॉल्टर गावात सांगतो, हे ॲन्सेल्मचं लाकूड?"

"मला सांगितलं, गावात नाही."

"आणि वाकलं?"

"वाकलं."

"म्हणजे उद्या मांडवात लोक म्हणणार, वॉल्टरचं लाकूड सरळ राहिलं आणि ॲन्सेल्मचं वाकलं!"

मी म्हटलं, "भाऊ, लोकांना कळलं तर म्हणतीलच."

एवढं मी मुद्दाम म्हटलं. चांगलं केलं की वाईट, ते मी फादरना पापनिवेदनात सांगितलं आहे, इथे परत सांगत नाही.

ॲन्सेल्म उठला. उठला तेव्हा आम्हाला दिसलं, तो इतका वेळ ज्यावर बसला होता तो बाक म्हणजेच रहाटाचा अर्धा कणा, खाली दगड लावून. नऊ वर्षं बसून बसून मधे गुळगुळीत झालेला. "काप," तो म्हणाला.

"बाक आखूड होईल."

"होऊ दे. मला ढुंगण टेकायला किती लागतं? पण माझी पट्टी वाकता कामा नये. वाकली तर गॅबू, तू माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

परत येताना आम्ही वॉल्टरकडे वळलो. गॅब्रिएलना त्याच्यासमोर तो लाल झालेला कपच नेऊन ठेवायचा होता, पण कप सुझानचा, ती देईना. मग मीच म्हटलं, "वॉल्टरभाऊ, लाकूड लाल निघालं."

वॉल्टरने मान खाली घातली. मोठा माणूस, मुलाचं लग्न काढलेला. "तीनदा गेलो होतो बाय," तो म्हणाला. "फाटकापर्यंत. त्याचं कुत्रं अंगावर येतं."

"ते तुमच्याच कुत्रीचं पिल्लू," मी म्हटलं.

मग पाच दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ॲन्सेल्मच्या तुकड्याची ढलपी यांनी एकदा नाही, तीनदा टाकली, तीन वेगळ्या कपांत. पाणी झऱ्यासारखं नितळ. पट्टी काढणं दीड दिवसाचं काम, ते झालं. पण खरं संकट पात्याचा दाता. तो घालवायला दोन्ही बाजूंनी धार तेवढी मागे न्यायची, तीही हाताने, दगडावर पाणी शिंपडून, वस्तरा सपाट धरून. जरा कलला तर एक खड्डा भरताना दुसरा पडतो. सकाळी न्याहारीनंतर बसायचे, दिवस मावळेपर्यंत. मी विचारायची, "जमतंय?" ते म्हणायचे, "जमतंय." एकदाही "बघू" म्हणाले नाहीत. तेव्हाच मी मनात म्हटलं, व्हॅलेरियन, तुझे शर्ट गेले.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार बसवून झाली की केस कापून बघायचा. केस कुणाचा? माझा. एका हाताने टोक धरायचं आणि लोंबत्या केसाला धार नुसती टेकवायची. तुटून पडला तर ठीक. आधी पडत नव्हता, मग दोनदा पडला, मग दर वेळी पडायला लागला. त्या आठवड्यात माझा अंबाडा सुपारीएवढा झाला. मी म्हटलं, "बस झालं, नाहीतर मांडवात मला डोक्यावरून पदर घेऊन बसावं लागेल." तेव्हा थांबले.

लग्नाची सकाळ. मांडव केळीच्या खांबांचा, पताका लावलेल्या. मार्सेल खुर्चीवर बसलेला, गळ्यात टॉवेल. बायांनी गाणं धरलं होतं. हिरामणने त्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. पाण्याचं तांब्याचं भांडं वॉल्टरच्या हातात, कारण काकाची जागा रिकामी. लोक त्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

हिरामणने वस्तरा उघडला, तेवढ्यात ॲन्सेल्म आला. नवा सदरा घालून. वॉल्टरकडे पाहिलं नाही, मार्सेलकडे पाहिलं नाही. तडक गॅब्रिएलपाशी येऊन कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माझी बाजू कुठली?"

"दाढी झाल्यावर सांगतो."

"मग मी इथे उभा राहून बघणार." आणि तो खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला, नेमका काकाच्या जागेवर, डोळे मुठीवर लावून.

वॉल्टरने भांडं त्याच्यापुढे केलं. "उभाच आहेस तर हे धर."

नऊ वर्षांनी भाऊ भावाशी बोलला तो एवढंच. ॲन्सेल्मने भांडं घेतलं, आत बोट बुडवलं. "पाणी थंड आहे."

"मग गरम करून आणू?"

"आण की. पोराच्या गालाला थंड लावणार?"

वॉल्टर मांडवातून धावत गेला आणि गरम पाणी घेऊन आला. बायांचं गाणं त्या वेळात थांबलं होतं, ते परत सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने. मीही म्हटलं, माझा आवाज कावळ्याचा असला तरी.

हिरामणने फेस लावला. पहिला हात कानापासून हनुवटीपर्यंत मारला. मी गॅब्रिएलकडे पाहिलं. मला वाटलं श्वास धरून उभे असतील. ते तर शांतपणे कुणाच्या तरी पोरीने दिलेला गूळखोबऱ्याचा तुकडा खात होते. त्यांनी काम केलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. भीती मलाच होती.

दुसरा हात. तिसरा. गळ्याची गाठ, जिथे सगळे न्हावी जपतात. टॉवेलवर रक्ताचा ठिपकासुद्धा नाही. मार्सेल म्हणाला, "झाली? मला कळलीच नाही." हिरामणने वस्तरा पुसला, मिटला, आणि यांच्यासारखाच उजेडाकडे धरला. "दोन्ही बाजूंनी उजेड हाय," तो म्हणाला, आणि वस्तरा ॲन्सेल्मच्या हातात दिला.

ॲन्सेल्मने मूठ उलटी केली, सुलटी केली. वॉल्टर त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. एकाने एका बाजूवर बोट ठेवलं, दुसऱ्याने त्याच बाजूवर.

"ही माझी," दोघे म्हणाले.

"गॅबू, सांग आता."

गॅब्रिएलनी वस्तरा घेतला, बराच वेळ बघितला, आणि परत दिला. "ठरवा तुमचं तुम्ही. मी जेवायला बसतो."

घरी आल्यावर मी विचारलं, "खरं सांगा. कुठली कुणाची?"

"खिळे ठोकायच्या आधी मला माहीत होतं," ते म्हणाले. "आता नाही ओळखत." लाकूड ओळखता न आल्याचा एवढा आनंद झालेला सुतार मी दुसरा पाहिला नाही.

सोमवारी खाकी शर्ट धुऊन, घडी घालून मी व्हॅलेरियनला परत नेऊन दिले. तो म्हणाला, "बाय, पगाराची नोकरी होती." मी म्हटलं, "होती रे. पण त्यांच्याकडे काम आलंय." खोटं नव्हतं. मांडवातून त्या दिवशी सात घरांचे वस्तरे आमच्या पडवीत आले. पुढे आठ-नऊ वर्षं येतच राहिले, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा निघून हिरामणच्या मुलानेही तोच घेतला तोपर्यंत. तेव्हाही हे म्हणाले, "ब्लेडचा वस्तरा काय, कोणीपण करतो."

आणि त्याच सोमवारी संध्याकाळी ॲन्सेल्म आला. बरोबर पिवळं कुत्रं. बाक आखूड झाल्यामुळे एका बाजूला कलतो, बसलं की माणूस घसरतो, नीट करून दे म्हणाला. गॅब्रिएल वस्तऱ्याला टिचक्या मारत बसले होते. त्यांनी कुठलं उत्तर दिलं ते मी इथे लिहायला नकोच.

मी माझ्या पाटाखालची वीट काढली आणि ॲन्सेल्मच्या हातात दिली. "घेऊन जा भाऊ. मी सहा महिने हिच्यावर बसलेय, पडले नाही."